कॉर्डिएराइटचा प्रसरणांक २.९ वर अडकलाय: कच्चा माल बदलायचा की भट्टी?

मातीमोल

गॅस बर्नरच्या छिद्रांच्या पाट्यांसाठी कॉर्डिएराइट (तापल्यावर फार कमी वाढणारं सिरॅमिक) हवंय. मिश्रण पुस्तकी आहे: शंखजिरं (टाल्क) ३९.६, केओलिन (चिनी माती) ४७.१, कॅल्साइन्ड (आधी भाजलेलं) ॲल्युमिना १३.३ टक्के. तिन्ही एकत्र बॉल मिलमध्ये पाण्यात दोन तास, मग वाळवून पीव्हीए बाइंडर (कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ) घालून प्रेस केलेल्या पट्ट्या. भट्टी १३५० अंश, ३ तास सोक (त्याच तापमानाला धरून ठेवणं).

निकाल: प्रसरणांक २.९, उघडी सच्छिद्रता २७ टक्के. ६०० अंशांवरून पाण्यात टाकली की पट्टी तडकते. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या चाचणीत) मुख्यतः कॉर्डिएराइट, थोडं स्पिनेल (मॅग्नेशिया-ॲल्युमिनाचा स्फटिक) आणि ४३.३ अंशांवर बारीकसं शिखर. भाजणी पूर्ण व्हावी म्हणून १४०० वर नेलं तर कडा चकाकल्या आणि पट्ट्या वाकल्या. म्हणजे १३५० ला कच्चं आणि १४०० ला लोळागोळा. मधली जागा सापडेल का?

कच्च्या मालाचं पृथक्करण असं. शंखजिरं: कॅल्शियम ऑक्साइड १.१ टक्के, आयर्न ऑक्साइड १.४, सरासरी कण २२ मायक्रॉन. केओलिन: पोटॅश (पोटॅशियम ऑक्साइड) १.६ टक्के, कण २ ते ३ मायक्रॉन. ॲल्युमिना: सोडा (सोडियम ऑक्साइड) ०.४ टक्के, कण ६० मायक्रॉनच्या आसपास, न दळलेलं.

(प्रसरणांकाचे सगळे आकडे दशलक्षांश प्रति अंश सेल्सिअस, २५ ते ८०० अंशांसाठी.)

त्रिकोणमित्र

रोगाचं निदान तुम्ही शेवटच्या परिच्छेदातच लिहून ठेवलंय. भट्टीला हात लावण्याआधी दोन हिशोब करा.

पहिला हिशोब मिश्रणाचा. कॉर्डिएराइट म्हणजे २ मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड), २ ॲल्युमिना, ५ सिलिका. वजनात मॅग्नेशिया १३.८, ॲल्युमिना ३४.९, सिलिका ५१.४ टक्के. शुद्ध शंखजिऱ्यात मॅग्नेशिया ३१.९ आणि सिलिका ६३.४ टक्के असते. शुद्ध केओलिनमध्ये ॲल्युमिना ३९.५, सिलिका ४६.५ आणि पाणी १४ टक्के. १०० ग्रॅम भाजलेल्या मालासाठी ४३.२ ग्रॅम शंखजिरं, ५१.५ ग्रॅम केओलिन, १४.५ ग्रॅम ॲल्युमिना लागतं. एकूण १०९.२, त्यातले ९.२ ग्रॅम पाणी बनून उडून जातात. टक्केवारी काढली की तुमचेच आकडे येतात. पण ते आदर्श खनिजांचे आकडे आहेत. तुमच्या केओलिनमध्ये १.६ टक्के पोटॅश आहे. तो अभ्रकातून आला असेल, आणि अभ्रकात पोटॅश ११.८ टक्के असतो, तर त्या केओलिनचा १३ ते १४ टक्के भाग केओलिन नाहीच. पुस्तकी प्रमाण अशा मालावर लावणं म्हणजे अंदाजपंचे. पृथक्करणावरून तिन्ही ऑक्साइडची बेरीज जमवा, मगच वजनं ठरवा.

दुसरा हिशोब अशुद्धीचा, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. १०० ग्रॅम भाजलेल्या मालात कोण किती घाण आणतं?

शंखजिऱ्यातून कॅल्शियम ऑक्साइड: ४३.२ × १.१ टक्के = ०.४८
केओलिनमधून पोटॅश: ५१.५ × १.६ टक्के = ०.८२
ॲल्युमिनातून सोडा: १४.५ × ०.४ टक्के = ०.०६

बेरीज १.३६ टक्के. लोक कमी सोड्याचं महागडं ॲल्युमिना आणतात आणि केओलिन मिळेल ते वापरतात. इथे बघा, ॲल्युमिनाचा वाटा नगण्य आहे. खरा चोर केओलिनमधलं अभ्रक. कमी प्रसरणाच्या मालासाठी ही बेरीज अर्ध्या टक्क्याच्या आत आणायची. पोटॅश ०.३ टक्क्याच्या आतलं केओलिन आणि चुना (कॅल्शियम ऑक्साइड) ०.३ टक्क्याच्या आतलं शंखजिरं घेतलं तर ॲल्युमिना न बदलताही बेरीज ०.३४ वर येते.

अभ्रक

पण हाच फ्लक्स (लवकर वितळवणारी अशुद्धी) घट्टपणा देतो ना? २७ टक्के सच्छिद्रतेला उपाय म्हणून ३-४ टक्के फेल्डस्पार (पोटॅश-सोड्याचं खनिज) घालतातच की. १३०० लाच माल बसेल, भट्टीही वाचेल.

त्रिकोणमित्र

घालतात, पण विजेच्या इन्सुलेटरसाठी. तिथे पाणी शोषलं जाऊ नये ही पहिली अट असते आणि प्रसरणांक २.५-३ चालून जातो. बर्नरच्या पाटीला फेल्डस्पार म्हणजे आगीत तेल.

पोटॅश कॉर्डिएराइटच्या स्फटिकात फारसा मावत नाही, तो काचेत जातो. काचेत ६ ते ८ टक्के पोटॅश धरला, तर ०.८२ टक्के पोटॅश मालाचा १० ते १४ टक्के भाग काच करून ठेवतो. काचेचं प्रसरण कॉर्डिएराइटच्या तिप्पट-चौपट. स्पिनेलचं ८ ते ९, कोरंडमचं (स्फटिक ॲल्युमिना) ८ च्या आसपास, म्युलाइटचं (ॲल्युमिना-सिलिकाचा स्फटिक) ५. आता ढोबळ बेरीज करा: मूळ १.६, १२ टक्के काचेमुळे साधारण अर्धा, ५ टक्के स्पिनेलमुळे ०.३५, ३ टक्के कोरंडममुळे ०.२. झाले २.६ ते २.७. कडकपणातला (यंग गुणांकातला) फरक यात धरलेला नाही, त्यामुळे आकडा काटेकोर नाही, पण २.९ आकाशातून पडलेला नाही एवढं कळतं.

काच आणखी एक घात करते. कॉर्डिएराइटचा स्फटिक एका अक्षावर तापल्यावर चक्क आकसतो, साधारण उणे १.१, आणि बाकी दोन अक्षांवर २.९ ने वाढतो. या ओढाताणीने थंड होताना कणसमूहांच्या सीमांवर सूक्ष्म तडे पडतात. पुन्हा तापवलं की वाढीचा काही भाग हे तडे मिटण्यात जिरतो, म्हणून मोजलेला प्रसरणांक खाली येतो. काच तिथे जाऊन बसली की तडे पडत नाहीत किंवा भरून निघतात. आपण ज्याला दोष समजतो त्यावरच हा माल जगतो.

चाळण२००

अशुद्धीबद्दल सहमत. पण १३५० ला कच्चं आणि १४०० ला वाकणं, ही जोडगोळी ॲल्युमिनाच्या ६० मायक्रॉन कणामुळे आहे. दोन्ही दोष एकाच कारणाचे.

कॅल्साइन्ड ॲल्युमिनाचे हे ६० मायक्रॉन म्हणजे बारीक स्फटिकांचे घट्ट गोळे. दोन तासांच्या मिलिंगमध्ये, त्यातही शंखजिऱ्याच्या वंगणात, ते फुटत नाहीत. भट्टीत त्यांच्या पृष्ठभागावर स्पिनेल आणि कॉर्डिएराइटची साल तयार होते आणि आतला गाभा कोरंडम म्हणून उरतो. तुमचं ४३.३ वरचं शिखर ते.

आता उरलेल्या मालाकडे बघा. समजा ते १४.५ ग्रॅम ॲल्युमिना प्रतिक्रियेत आलंच नाही. मग भोवतालच्या मालात मॅग्नेशिया १३.८, ॲल्युमिना २०.४, सिलिका ५१.४ ग्रॅम राहतात. टक्क्यांत १६, २४ आणि ६०. तिन्ही ऑक्साइडच्या त्रिकोणी आकृतीवर (कुठलं प्रमाण कधी वितळतं ते दाखवणाऱ्या) हा बिंदू कुठे पडतो? प्रोटोएन्स्टॅटाइट (मॅग्नेशियम सिलिकेट), ट्रिडिमाइट (सिलिकाचं एक रूप) आणि कॉर्डिएराइट जिथे एकदम वितळतात त्या १३५५ अंशांच्या युटेक्टिककडे (सर्वांत कमी तापमानाला वितळणाऱ्या प्रमाणाकडे) तो सरकतो. त्या युटेक्टिकचं प्रमाण साधारण २०, १८, ६२. अर्धं ॲल्युमिना अडकलं तरी प्रमाण १५, ३०, ५५ होतं, म्हणजे दिशा तीच. त्यात तुमचा पोटॅश आणि चुना. द्रव १३५५ च्या बराच आधी सुरू होणार आणि १४०० ला कडा चकाकणारच.

म्हणून १३७५ वगैरे मधली जागा शोधत बसू नका. या मिश्रणाला ती जागाच नाही.

उपाय: ॲल्युमिना एकटं ओलं दळा, १२ ते १६ तास, सरासरी ३ ते ४ मायक्रॉन आणि मोठ्यात मोठा कण १५ च्या आत येईपर्यंत. मग त्याच मिलमध्ये शंखजिरं आणि केओलिन टाकून फक्त दोन-तीन तास मिसळा. उलट क्रम नको, आणि सगळं एकत्र १६ तास तर नकोच. गोट्या कुठल्या आहेत तेही बघा. सिलिकाच्या गोट्या झिजून सिलिका वाढते, ॲल्युमिनाच्या झिजून ॲल्युमिना. गोट्यांचं वजन आधी आणि नंतर करा, झीज मिश्रणाच्या हिशोबात धरा.

मातीमोल

शंखजिरं का नाही दळायचं? २२ मायक्रॉन जाड नाही का?

चाळण२००

तुम्हाला काय हवंय त्यावर आहे. शंखजिरं पातळ पत्र्यांचं असतं. मध्यम दळलं तर पत्रे सुटे होतात, ते चांगलं. तासन् तास कुटलं तर पत्रे तुटून चुरा होतो आणि मांडणीचा फायदा जातो (तो कणभर यांनी समजावावा, त्यांचा विषय).

दुसरं म्हणजे छिद्रं. १२०० ते १३०० च्या दरम्यान शंखजिऱ्याच्या जागी जो द्रव होतो तो आजूबाजूच्या बारीक केओलिनच्या फटींत शोषला जातो आणि शंखजिऱ्याच्या कणाएवढी पोकळी मागे राहते. जाड शंखजिरं म्हणजे मोठी छिद्रं, बारीक म्हणजे लहान. सिलिका वेगळी घातली तर तिच्या कणांचंही असंच. डिझेलच्या काजळीच्या गाळण्यांसाठी मुद्दाम जाड शंखजिरं आणि जाड सिलिका घेतात ती यासाठीच. बर्नरच्या पाटीला १० ते १५ मायक्रॉन ठीक. ॲल्युमिनाला मात्र ही सूट नाही.

कणभर

मांडणीबद्दल. केओलिन आणि शंखजिरं दोघांचेही कण चपटे. साच्याच्या अरुंद फटीतून माल दाबून काढला (एक्स्ट्रूजन) की हे पत्रे भिंतीला समांतर झोपतात. झोपलेल्या केओलिनवर वाढणाऱ्या कॉर्डिएराइटचा आकसणारा अक्ष बराचसा भिंतीच्या पातळीतच येतो. त्यामुळे भिंतीच्या पातळीत प्रसरण कमी आणि जाडीच्या दिशेने जास्त. जाडी जेमतेम ०.१-०.२ मिलिमीटर, तिथे वाढलं तरी बिघडत नाही. वाहनांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधली जाळी यावरच उभी आहे. कॉर्निंगमधल्या लॅकमन आणि लुईस यांचं १९७५ चं पेटंट नेमकं या दिशेनुसार प्रसरणाचं आहे. साचा तिथल्याच बॅग्लींचा. योग्य कच्चा माल आणि एक्स्ट्रूजन मिळून प्रसरणांक १ च्या खाली जातो. तोच माल पावडर करून सगळ्या दिशांनी सारखा दाबला तर १.५ ते २ च्या खाली सहसा जात नाही.

आता तुमच्या मापनाकडे. प्रेसमध्ये पत्रे दाबाच्या दिशेला आडवे झोपतात. म्हणजे दाबाच्या दिशेने कापलेली पट्टी आणि आडवी कापलेली पट्टी दोन वेगळे प्रसरणांक देणार. तुमचा २.९ कुठला? दोन्ही दिशा मोजा. आणि पाटी एक्स्ट्रूजनने करणार असाल तर प्रेसच्या पट्टीवरून निर्णयच घेऊ नका.

तापमानाची कक्षा लिहिलीत हे बरं केलंत. खोलीच्या तापमानाजवळ कॉर्डिएराइट जवळजवळ वाढतच नाही, वर जाईल तसं जास्त वाढतं. त्यामुळे तोच नमुना ८०० पर्यंत एक सरासरी देतो आणि १००० पर्यंत त्याहून मोठी. कक्षा न लिहिलेले आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

एक्सआरडीबद्दल एक सावधगिरी. तांब्याच्या किरणांवर कॉर्डिएराइटची शिखरं १०.४, २१.७, २६.४, २८.४ आणि २९.५ अंशांच्या आसपास. क्रिस्टोबलाइटचं (सिलिकाचं आणखी एक रूप) मुख्य शिखर २२ ला, म्हणजे २१.७ च्या खांद्यावर. म्युलाइटचं २६.२ ला, २६.४ ला चिकटून. त्यामुळे ‘मुख्यतः कॉर्डिएराइट’ या अहवालात हे दोघे आरामात लपतात. म्युलाइट १६.४ वर शोधा, तिथे गर्दी नाही. स्पिनेल ३६.९ वर. क्रिस्टोबलाइटसाठी डायलॅटोमीटर (प्रसरण मोजणारं यंत्र) बघा: २०० ते २७० अंशांत रेषेने उडी मारली की क्रिस्टोबलाइट आहे, मग एक्सआरडी काही म्हणो. तसा तुमचा आलेख कसा दिसतो?

मातीमोल

२३० च्या आसपास हलकासा कुबड आहे. आतापर्यंत मशीनचा दोष समजून सोडून देत होतो. पट्ट्या दाबाला आडव्या कापलेल्या आहेत, म्हणजे चांगल्या दिशेनेच २.९. दुसऱ्या दिशेला आणखी वाईट असणार.

कणभर

मशीनचा दोष नाही तो. केओलिन १२०० च्या आसपास म्युलाइट आणि जादा सिलिकात फुटतं. ती सिलिका मॅग्नेशियाला भेटली नाही तर क्रिस्टोबलाइट बनून बसते. ॲल्युमिना अडकलंय म्हणजे सिलिका उरणारच, सगळं एकाच सूत्रात येतं. क्रिस्टोबलाइट राहील तोवर थंड करताना ३०० ते १५० हा टप्पा मिनिटाला १ अंशाने उतरवा. माल सुधारला की ही काळजी संपेल.

भट्टीराखा

सगळे मालावर बोलले, आता भट्टीचं. कच्चा माल सुधारल्यानंतरचा आराखडा देतो. ५ ते १० मिलिमीटर जाडीच्या तुकड्यांसाठी आहे, जाळीसारख्या पातळ भिंतींना किंवा जाड पाट्यांना बदलावा लागेल.

२०० अंशांपर्यंत मिनिटाला २ अंश. २०० ते ४५० मिनिटाला अर्धा ते १ अंश, बाइंडर इथे जळतो. हवा खेळती ठेवा, नाहीतर गाभा काळा राहतो आणि पुढे फुगतो. ४५० ते ६५० मिनिटाला १ अंश. केओलिनचं पाणी इथे निघतं आणि बहुतेक तडे इथलेच. ६५० ते ११५० मिनिटाला ३ अंश, फक्त ८५० ते १००० मध्ये निम्मा वेग, कारण शंखजिऱ्याचं पाणी तिथे सुटतं. ११५० ते १३०० मिनिटाला दीड अंश. १३०० पासून वर मिनिटाला १ अंश.

शेवटचं तापमान: स्वच्छ मालाला १३८० ते १३९५. सोक ६ ते ८ तास. सोक लांबवा, तापमान वाढवू नका. शेवटचं स्पिनेल आणि म्युलाइट संपायला वेळ लागतो आणि तो वेळ १३८० लाही मिळतो. १४६० च्या पुढे तर कॉर्डिएराइट स्वतःच म्युलाइट आणि द्रवात फुटतं, तिथे परतीची वाट नाही. १४१५-१४२० ला स्वच्छ मालही वाकायला लागतो, कारण मिश्रण कधीच शंभर टक्के एकजीव नसतं.

कंट्रोलरवरचा आकडा म्हणजे मालाचं तापमान नव्हे. इथे सगळा खेळ १५-२० अंशांचा आहे. के प्रकारचं थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) या तापमानाला चालत नाही, एस किंवा बी प्रकारचं घ्या आणि मालाच्या शेजारी एक वेगळं ठेवा. भट्टीच्या वरच्या आणि खालच्या थरात २५ अंशांचा फरक असेल तर एकाच भट्टीतून दोन वेगळे माल निघतात आणि दोष मात्र मिश्रणाला लागतो.

मालाखाली काय ठेवता हाही प्रश्न आहे. ॲल्युमिनाच्या पाटीवर थेट ठेवलंत तर द्रव पाटीशी प्रतिक्रिया करतो आणि तुकडा चिकटतो. म्युलाइटची जाडसर वाळू पसरा. लांब तुकडे असतील तर त्याच मिश्रणाची न भाजलेली पातळ चकती खाली द्या. ती मालाबरोबर तेवढीच आकसते, त्यामुळे तळ ओढला जात नाही.

अभ्रक

फेल्डस्पार मागे घेतो. पण सच्छिद्रतेचं काय? २७ टक्क्यांचं भांडं उष्णतेच्या धक्क्याला टिकेल?

त्रिकोणमित्र

टिकेल, आणि इथे अंतर्ज्ञान फसवतं. धक्का सोसण्याचा पहिला अंदाज म्हणजे ताकद गुणिले (१ वजा पॉयसन गुणोत्तर), भागिले कडकपणा गुणिले प्रसरणांक. घट्ट कॉर्डिएराइट घ्या: वाकण्याची ताकद १०० मेगापास्कल, कडकपणा १३० गिगापास्कल, पॉयसन ०.२५, प्रसरणांक २. उत्तर २८८ अंश. तोच माल, पण प्रसरणांक २.९, तर १९९. सच्छिद्र माल घ्या: ताकद ३०, कडकपणा ६०, प्रसरणांक १.५. उत्तर २५०. ताकद तिसऱ्या हिश्श्यावर आली तरी कडकपणाही निम्म्याखाली गेला आणि प्रसरण घटलं, म्हणून फार बिघडलं नाही. शिवाय छिद्रं आणि सूक्ष्म तडे पसरत्या भेगेला अडवतात, ते या सूत्रात येतच नाही. तुलनेला घट्ट ॲल्युमिना: ताकद ३००, कडकपणा ३७०, पॉयसन ०.२२, प्रसरणांक ८, उत्तर जेमतेम ७९.

बर्नरच्या पाटीला तर सच्छिद्रता हवीच, मागची बाजू थंड राहते. तुम्ही सच्छिद्रतेच्या मागे न लागता प्रसरणांकाच्या मागे लागा.

आणि ६०० वरून थेट पाण्यात टाकण्याची चाचणी बदला. ती फक्त नापास करते, काही शिकवत नाही. २००, ३००, ४०० अशा फरकांनी पाण्यात टाका आणि दरवेळी उरलेली वाकण्याची ताकद मोजा. ताकद कुठे एकदम कोसळते की हळूहळू उतरते, यावरून काच जास्त आहे की नाही हेही कळतं. काचाळ घट्ट माल एकदम कोसळतो.

चाळण२००

घट्टपणा खरोखर हवाच असेल त्यांच्यासाठी दोन ओळी. झिरकॉन ५ ते ८ टक्के बारीक दळून घातला तर ताकद वाढते आणि भाजणीची कक्षा थोडी रुंदावते, प्रसरणांक किंचित वर जातो. बेरियम कार्बोनेट २-३ टक्केही कक्षा रुंदावतं, पण ते विषारी आहे, हाताळताना मास्क आणि हातमोजे हवेत. दोन्ही फेल्डस्पारपेक्षा बरे.

कणभर

तिसरी वाट काचेची. तिन्ही ऑक्साइड १५५० ते १६०० ला वितळवून पाण्यात ओतायचे, ती काच ३-५ मायक्रॉन दळायची आणि ८५०-९५० ला सिंटर करायची (भाजून कण जुळवायचे). तिथे आधी ‘म्यू’ प्रकारचं, क्वार्ट्झसारख्या बांधणीचं रूप येतं आणि १००० च्या वर खरं कॉर्डिएराइट. अडचण अशी की कणांच्या पृष्ठभागावर स्फटिक लवकर उगवले तर काचेचा प्रवाह थांबतो आणि छिद्रं कोंडली जातात. बोरॉन आणि फॉस्फरस ऑक्साइड एक-दोन टक्के घातले की स्फटिकीकरण लांबतं आणि घट्टपणाला वेळ मिळतो. तांब्याच्या तारांसह भाजता येणारे इलेक्ट्रॉनिक सबस्ट्रेट या वाटेने झाले, कारण तांबं १०८५ लाच वितळतं. बर्नरच्या पाटीसाठी हा खटाटोप परवडणार नाही.

मातीमोल

सगळ्यांचे आभार. म्हणजे क्रम असा: आहे तोच माल, फक्त ॲल्युमिना आधी दळून एक भट्टी. मग केओलिन आणि शंखजिरं बदलून दुसरी. बरोबर?

दोन प्रश्न उरले. एक, पाटी एक्स्ट्रूजनने काढताना मिश्रणात काय बदलू? कच्च्या पट्ट्यांना ५०० च्या आसपास केसासारखे तडे जातात. दोन, काही गुंतागुंतीचे आकार स्लिप कास्टिंगने (पातळ चिखल साच्यात ओतून) करायचे आहेत. शंखजिऱ्याऐवजी मॅग्नेशियम ऑक्साइड घेतलं तर प्रमाण सोपं होईल असं वाटतं.

चाळण२००

क्रम बरोबर. एका भट्टीत एकच गोष्ट बदला. पहिल्या भट्टीचं तापमान १३५० च ठेवा, अशुद्धी अजून तीच आहे. ४३.३ चं शिखर गेलं आणि पट्टी सरळ राहिली की समजा ॲल्युमिनाचा प्रश्न सुटला. प्रसरणांक तेवढ्याने २ वर येणार नाही, निराश होऊ नका.

एक्स्ट्रूजनसाठी निम्मं केओलिन आधी कॅल्साइन करून घ्या. पाणी उडाल्याने १०० ऐवजी ८६ भाग वजन धरायचं. मग प्रमाण होतं: शंखजिरं ४०.९, कच्चं केओलिन २४.४, कॅल्साइन्ड केओलिन २१.०, ॲल्युमिना १३.७ टक्के. ५०० जवळचं आकसणं आणि वाफ दोन्ही निम्म्यावर येतात. सगळंच केओलिन कॅल्साइन करू नका: लवचिकपणा जातो आणि झोपणारे पत्रेही कमी होतात. पावडरच्या १०० भागांना मिथाइल सेल्युलोज ३ ते ४ भाग आणि पाणी २८ ते ३२ भाग. वंगण म्हणून सोडियम स्टिअरेट अर्धा भाग घालण्याची पद्धत आहे, त्यातून ०.०५ टक्के सोडा आत येतो. बेरीज ०.३४ वर आणण्यासाठी एवढी धडपड केल्यावर हे खटकतं, म्हणून ओलेइक ॲसिड किंवा अमोनियम स्टिअरेट वापरा. मळलेला माल व्हॅक्यूममधून काढा आणि साच्यात घालण्यापूर्वी रात्रभर झाकून मुरू द्या.

भट्टीराखा

स्लिपमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड अजिबात नको. ते पाण्यात हळूहळू हायड्रॉक्साइड होतं, स्लिप तापते, आणि सुटलेले मॅग्नेशियमचे आयन मातीच्या कणांना एकत्र गोळा करतात. सकाळी दुधासारखी असलेली स्लिप दुपारपर्यंत दही होते. डिफ्लोक्युलंट (कण सुटे ठेवणारं रसायन, म्हणजेच डिस्पर्संट) कितीही ओता, तेवढ्यापुरतं पातळ होऊन पुन्हा घट्ट. साच्यात ओतलंच तर वाळताना ऑक्साइडचे उरलेले कण फुगून तुकडा फोडतात. अगदी डेड-बर्न्ट (फार उच्च तापमानाला भाजलेला) मॅग्नेशियाही बारीक दळल्यावर पूर्ण निर्धोक नसतो.

शंखजिरंच ठेवा, पण ते पाण्याला सहजी दाद देत नाही, वर तरंगतं आणि हवा धरून ठेवतं. आधी पाणी आणि डिस्पर्संट, मग केओलिन, मग ॲल्युमिना आणि शेवटी शंखजिरं थोडं थोडं. डिस्पर्संट म्हणून सोडियम सिलिकेट नको, पुन्हा सोडाच. अमोनियम पॉलिअक्रिलेट पावडरच्या ०.३ ते ०.५ टक्के. शंखजिऱ्याचा एक तृतीयांश भाग ९५०-१००० ला कॅल्साइन करून घेतला तर ते नीट भिजतं आणि कास्टमधले थर सुटण्याची तक्रार कमी होते. स्लिप हळू ढवळत २४ तास ठेवा, घट्टपणा मोजा, व्हॅक्यूममध्ये हवा काढा, मग ओता. २४ तासांत घट्टपणा चढत गेला तर शंखजिऱ्यात मॅग्नेसाइट किंवा डोलोमाइट आहे का ते तपासा. तुमचा १.१ टक्के चुना डोलोमाइटमधूनच येत असण्याची शक्यता आहे: चिमूटभर पावडरवर कोमट विरळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाका, बुडबुडे आले तर दुसरी खेप मागवा.